डाव्या हाताचं मिशिगन

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. मार्च संपत आला तरी रिचमंड हिलचा हिवाळा हलायला तयार नव्हता. हातमोजा दातात धरून फोन उचलला, तर तो एवढंच म्हणाला, "फ्लोरा, शरयू गेली. सकाळी उठवायला गेलो तर..." पुढचं तिच्या नवऱ्याला सांगता आलं नाही. मी फोन खिशात टाकला आणि राहिलेला बर्फ काढला. मग शेजाऱ्याच्या दारातलाही काढला. रडू येत नव्हतं, राग येत होता. कोणाचा, ते तेव्हा कळलं नाही. पुढच्या आठवड्यात वॉटर्लूच्या एका हॉलमध्ये तिची शोकसभा झाली आणि तिथे कळलं. बोलायला उठलेला प्रत्येक जण तिला 'बिचारी' म्हणत होता. बिचारी शरयू, इतकी वर्षं डायलिसिस, किती सोसलं बिचारीनं. नंतर चहाच्या टेबलाशी एक बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, की एवढं फिरायला नको होतं हो तिनं, ते फिरणंच नडलं. मी कप खाली ठेवला आणि बाहेर गाडीत जाऊन बसले. त्या बाईंना तिथे जे सांगितलं नाही, ते इथे सांगते आहे. शरयू बिचारी नव्हती, आणि तिला फिरणं नडलं नाही.

आमची ओळख वॉटर्लूतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत झाली. मी वसईची, ती नागपूरची. ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत मायक्रोवेव्हपाशी माझ्या डब्यातल्या मासळीच्या वासानं सगळे पांगले, ही एकटी उभी राहिली आणि म्हणाली, "काय आणून राहिली हे? दे ना एक तुकडा." माझी प्रार्थना चर्चमध्ये, तिचा गणपती बेसमेंटमध्ये, पण मराठीत भांडायला दोघींनाही माणूस हवं होतं. आम्ही भरपूर भांडलो. तिची मुलगी सई माझ्या डोळ्यांदेखत पाळण्यातून कॉलेजात गेली. मी रिचमंड हिलला राहायला गेले तरी भांडणं फोनवर चालू राहिली.

मग तिच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार हॉस्पिटलच्या खुर्चीत चार-चार तास. डाव्या हाताच्या शिरा आतून जोडून सुया टोचायची जागा करून दिलेली, तिथे बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. दिवसाला पाणी मोजून प्यायचं. मीठ नाही, टोमॅटो नाही, केळं नाही आणि संत्रं तर नाहीच नाही. नागपूरच्या बाईला संत्रं बंद! डाएटिशियनला तिनं विचारलं होतं म्हणे, की बाई, तुम्हाला माझ्याशी काही वैर आहे का. तरी ती ग्रोसरीतून संत्री आणायची, सोलून मिलिंदला आणि सईला द्यायची आणि सालं हाताला चोळून वास घेत बसायची. युरोपच्या ट्रिपसाठी तिनं आणि मिलिंदनं कधीपासून मनसुबे रचले होते, ते गुंडाळून ठेवले. तेव्हापासून लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. तिला आजारापेक्षा त्या आवाजाचा जास्त वैताग यायचा.

तिच्या शेजारच्या खुर्चीत ग्लेन नावाचा एक म्हातारा असायचा. जन्म सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या मिशिगनचा, लग्नानंतर इकडे आलेला. एकदा तिनं विचारलं, तुझं गाव कुठे? त्यानं डावा हात वर केला, मागची बाजू स्वतःकडे, बोटं जुळवलेली, अंगठा जरा बाहेर, आणि अंगठ्याच्या बुडाशी बोट टेकवून म्हणाला, इथे. मिशिगनची माणसं आपलं राज्य असंच दाखवतात, कारण नकाशावर ते हातमोज्यासारखं दिसतं. भोवती सगळी प्रचंड सरोवरं. अंगठ्याच्या बुडाशी पोर्ट ह्युरन, अंगठ्याच्या बेचक्याजवळ फ्रँकनमथ नावाचं जर्मन थाटाचं गाव, करंगळीच्या बाहेरच्या कडेला वाळूचे डोंगर आणि मधल्या बोटाच्या टोकाला मॅकिनॉ बेट, जिथे मोटारगाडी चालत नाही, घोडागाड्याच. ग्लेननं हे सगळं लहानपणी पाहिलं होतं आणि आता त्याला पार्किंग लॉटपर्यंतसुद्धा चालवत नव्हतं. त्या संध्याकाळी शरयूचा मला फोन. "फ्लोरा, ऐक. ज्या हाताला हे लोक सुया टोचून राहिले ना, त्याच हातावर मी फिरणार आहे. तू गाडी चालवशील की मी दुसरी कोणी पाहू?"

मिलिंदचा विरोध होता, आणि तो उगाच नव्हता. सीमेवरच्या पुलापलीकडे अमेरिका, दुसरा देश. तिथे हिला काही झालं तर इथलं हेल्थ कार्ड कामाचं नाही, आणि तिचा आजार ऐकून प्रवासाचा विमा कोणी द्यायला तयार नाही. एक रात्र तिथल्या हॉस्पिटलात काढावी लागली तर घर विकायला लागेल, असं तो म्हणायचा आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आठवडाभर दोघांत अबोला होता. शेवटी शरयूनंच तोड काढली. रविवारी सकाळी निघायचं, संध्याकाळी आपल्या घरी परत, पलीकडे मुक्काम नाही. "जगातले लोक डे ट्रिप हौसेनं करतात, मी नियमानं करीन," ती म्हणाली. मिलिंदनं त्यांच्या गाडीची किल्ली दिली, पण ती देताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरातलं काहीतरी उचलून नेते आहे.

पहिल्यांदा अर्थातच अंगठ्याचं बूड. सार्नियाचा उंच पूल ओलांडला की पोर्ट ह्युरन. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, कुठे निघालात? शरयूनं काचेतून डावा हात वर केला आणि बोट ठेवून दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. खायचं काही आहे का, विचारल्यावर मात्र तिनं इमानदारीत संत्र्यांची पिशवी पुढे केली, आणि ती त्यानं काढून घेतली. ती संत्री तिला खायची नव्हतीच, माझ्यासाठी आणली होती, वासासाठी. पुढचा अर्धा तास ती त्या माणसाला अस्सल नागपुरीत शिव्या देत होती. मग दीपगृहाखालच्या दगडांवर जाऊन बसलो. समोर ह्युरन सरोवर, पलीकडचा काठ दिसत नाही इतकं. तिनं पर्समधून स्टीलचं छोटं फुलपात्र काढलं, आईनं लग्नात दिलेलं. सकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. दिवसाच्या हिश्श्यातलं पाणी तिनं या जागेसाठी राखून ठेवलं होतं. थर्मासमधून ते फुलपात्र भरलं आणि सरोवराकडे बघत, घोट-घोट करून, चांगली दहा मिनिटं पीत राहिली. "एवढं पाणी समोर आहे," ती म्हणाली, "आणि माझ्या वाट्याला हे. पण बघ ना, कुठे बसून पिऊन राहिले मी!"

पुढे तो रिवाजच झाला. कुठेही गेलो तरी पोचेपर्यंत पाणी नाही, आणि पोचल्यावर ते फुलपात्र. जाताना ते गाडीच्या कप होल्डरमध्ये असायचं. त्या खाचेत ते बसायचं नाही, सैल पडायचं आणि रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला खण-खण वाजायचं. मी वैतागून म्हणायचे, खाली एखादा नॅपकिन तरी घाल. ती म्हणायची, "वाजू दे." फ्रँकनमथला सगळे लोक चिकन डिनरवर तुटून पडले होते आणि तिनं घरून आणलेली, दोनदा उकळून पाणी काढलेल्या बटाट्याची बिनमिठाची भाजी त्यांच्यासमोर चवीनं खाल्ली. तिथे वर्षभर नाताळ चालू असलेलं एक दुकान आहे. भर जुलैत मी, ख्रिस्ती बाई, त्या दिव्यांना वैतागले आणि ही दोन तास हलेना. हॉलंड गावच्या ट्युलिप्ससाठी हाताच्या पार पलीकडच्या कडेला गेलो. डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये कारखान्याच्या भिंतभर चित्रांपुढे ती इतका वेळ बसली की राखणदारानं येऊन बरं आहे ना, विचारलं. प्रत्येक मंगळवारी ती ग्लेनला फोटो दाखवायची. फोटोत नेहमी पुढे तिचा डावा हात आणि मागे ती जागा.

करंगळीच्या कडेचे वाळूचे डोंगर मात्र एका दिवसात होण्यासारखे नव्हते. तिथे मुक्काम करावाच लागणार होता. मिलिंदनं साफ नकार दिला. ती त्याच्याशी भांडली नाही, हेच मला वेगळं वाटलं. शनिवारी डायलिसिस संपलं, ती हॉस्पिटलच्या दारातून बाहेर आली आणि माझ्या गाडीत बसली. तिथूनच मिलिंदला फोन करून सांगितलं, की मी निघाले आहे, उद्या संध्याकाळी येते, हवं तर रागाव. तो रागावला. पण त्या रात्री आम्ही मोटेलवर असताना त्यानं दर तासाला मेसेज केला, आणि ती प्रत्येकाला एकेक संत्र्याचं चित्र पाठवत राहिली.

सकाळी वाळूच्या कड्यावर उभ्या राहिलो. खाली सरळ उतरत गेलेली वाळू आणि तळाशी मिशिगन सरोवर, निळं. तिथे पाटी आहे, की खाली जायला मिनिटं लागतात आणि वर यायला तास, तुम्हाला वर आणावं लागलं तर खर्च तुमचा. ते वाचून शरयू इतकी हसली की तिला खोकला आला. "मिलिंदनंच लावलेली दिसते," ती म्हणाली. मग बूट काढून कड्यावर बसली, पाय उतारावर सोडले. आमच्या शेजारून पोरं किंचाळत खाली धावत होती. मी तिचा दंड घट्ट धरून होते. तिला ते कळलं. "सोड," ती म्हणाली. "मी उडी नाही मारत. मला जगायचं आहे, म्हणून तर आले." मी हात सोडला. तिनं फुलपात्र भरलं, प्यायली, आणि डावा हात त्या निळ्या पाण्यासमोर धरला. तो फोटो मंगळवारी ग्लेननं बघितला म्हणे. त्यानं नुसता आपला हात वर केला आणि करंगळीवर ओठ टेकवले.

परत येताना तिला थोडी धाप लागली, घोटे सुजले, मंगळवारी डॉक्टर ओरडले. ती गोष्ट आमच्या मंडळींत हां हां म्हणता पसरली आणि शोकसभेतल्या त्या बाईंनी तीच जपून ठेवली होती. पण त्यानंतर शरयू दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे जगली, हे कोणी जपून ठेवलं नाही. शेवटी तिचं हृदय थांबलं ते स्वतःच्या पलंगावर, झोपेत, बाहेर बर्फ पडत असताना. त्या हिवाळ्यात ती हॉस्पिटलखेरीज कुठेही गेली नव्हती. घरी बसल्यानं माणसं गेली, असं मात्र कोणी कधी म्हणत नाही.

हातावरची एक जागा राहिली. मधल्या बोटाचं टोक, मॅकिनॉ. ते बोट एकटंच वर करून ती दाखवायची तेव्हा सई धावत येऊन तिचा हात खाली ओढायची, "आई, स्टॉप, यू कांट डू दॅट इन पब्लिक!" आणि ही मुद्दाम पुन्हा करायची. गेल्या सप्टेंबरात जायचं ठरत होतं. मिलिंद म्हणाला, थंडी पडायला लागली, पुढच्या वर्षी जाऊ. मीही येईन. तो पहिल्यांदाच येणार म्हणाला, म्हणून ती थांबली.

परवा वॉटर्लूला गेले होते. मिलिंद स्वयंपाकघरात बसला होता, समोर टेबलावर ते फुलपात्र, धुऊन पालथं घातलेलं. म्हणाला, "फ्लोरा, मी सप्टेंबरात हो म्हणायला हवं होतं ना?" मी म्हटलं, हो, म्हणायला हवं होतं. खोटं बोलले असते तर शरयूनं मला सोडलं नसतं. त्याचा चेहरा पडला. मग मी म्हटलं, की तू भीत होतास कारण ती तुला हवी होती, आणि ती निघायची कारण तिलाही तू हवा होतास, नुसता राखण करायला नाही, बरोबर बसायला. तो रडला. मीसुद्धा, तेव्हा पहिल्यांदा.

सई दारात उभी होती. एवढ्या वर्षांत ती आमच्याबरोबर एकदाही आली नव्हती, म्हाताऱ्यांची ट्रिप म्हणायची. माझ्या मराठीला तिचं उत्तर नेहमी इंग्रजीत. ती टेबलाशी आली, डावा हात वर केला, मागची बाजू स्वतःकडे, आणि मधल्या बोटाच्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, इथे आईचं राहिलं आहे." मराठीत म्हणाली. मिलिंद पुटपुटला, की वर्षसुद्धा झालं नाही, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, बिचारी म्हणणाऱ्यांना आणखी काय म्हणायचं आहे ते म्हणू देत. बेटावर जाणाऱ्या फेरीबोटी सुरू झाल्या की मे महिन्यात निघायचं, आणि या वेळी बेटावर मुक्काम करायचा. मिलिंदनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण उठून त्यानं ते फुलपात्र माझ्या हातात दिलं. "गाडीत ठेव," म्हणाला.

ते आता माझ्या कप होल्डरमध्ये आहे. वॉटर्लूहून घरी येईपर्यंत हायवेच्या प्रत्येक सांध्याला खण-खण वाजत होतं. मध्ये एका सिग्नलला थांबले तेव्हा सवयीनं ग्लोव्ह बॉक्समधून एक नॅपकिन काढला, घडी घातली, फुलपात्र उचललं... आणि नॅपकिन परत ठेवून दिला. वाजू दे.