एक पाऊस मागणारे तुळशीरामजी मिस्त्री

नाही जी गुरुजी, पहिली भेट काही गोड नव्हती. पहिल्याच दिवशी मिस्त्रीजीनं मले कामावरून घरी पाठवलं होतं. छापायचं तर तसंच छापा.

आता वाचणाऱ्यायले सांगते. कोंढ्याचे तुळशीरामजी मिस्त्री यंदा पंचाहत्तर वर्षांचे होऊन राहिले. त्यायच्या हाताखाली तयार झालेले गवंडी मिळून हा अंक काढून राहिले. अंकाचे गुरुजी माझ्या ओसरीत येऊन बसले अन् म्हणाले, "गंगाबाई, मिशनच्या गिरज्याच्या कामावर तुम्ही होत्या. तुम्ही लिहा." मी म्हटलं, "मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेली, तेही आंब्याच्या दिवसात गेलीच नाही." ते म्हणाले, "बोलता तसं लिहा." तर हे बोलणं आहे. मिस्त्रीजीची थोरवी मोठे लोक पुढच्या-मागच्या पानावर सांगतीन. मी चुन्याचं सांगते.

गोष्ट आणीबाणीच्या आधीची. माझा मालक जाऊन वर्ष झालं होतं. धान निघालं अन् गावात समजलं का जुन्या गिरज्याचं काम निघालं, रेजा, म्हणजे घमेली उचलणाऱ्या बाया, पाहिजेत. मी पदर खोचून गेली. मिस्त्रीजी पायरीवर बसले होते. साठीचा माणूस, खांद्यावर दुपट्टा, कानामागं विडी. त्यायनं माझं तोंड पाहिलंच नाही, हात पाहिले.

"बाई, तेल लावलं?"

"कायचं तेल जी?"

"जवसाचं. हाताले, पायाले."

"मी कामाले आली, न्हायले नाही आली."

"मग घरी जा," ते म्हणाले. "लावून या."

मले आली चीड. घरी गेली, हाताले चोपडलं, पायाले चोपडलं, रागारागात डोक्यावरही ओतलं. परत येऊन साऱ्यायसमोर म्हटलं, "घ्या मिस्त्रीजी, एवढं तेल झालं. आता हळद आणली असन तर तेवढी लावून टाका, मांडव मी घालते." बायांनी तोंडात पदर कोंबले. वर्षभराची विधवा बाई असं बोलते म्हणजे काय! मिस्त्रीजी जराही हसले नाहीत. म्हणाले, "हळद नाही, चुना आहे. घमेलं उचला."

संध्याकाळी पाहते तर एका बाईनं तेल न लावता लपून काम केलं होतं, तिची बोटं चुन्यानं फाटून रक्त आलेली. माझ्या हाताले काही नाही. तेव्हा समजलं, हा माणूस हाकलून देऊन राहिला नव्हता, जपून राहिला होता. अन् आणखी एक समजलं. राग आला तरी ते "लावून या" म्हणाले, "लावून ये" नाही. कामावर रेजाले अहो-जाहो करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तो गिरजा आमच्या भागातल्या लोकायले माहीत आहे. मिशनच्या गोऱ्या साहेबांनी कधीकाळी बांधलेला. दीड हात जाड विटांच्या भिंती, सागाच्या कड्या, वर मातीची कवेलू. पण कोण्या ठेकेदारानं मधात एकदा भिंतीले सिमेंट थापलं होतं. ओल आतल्या आत कोंडली, विटांचा भुगा व्हायले लागला. पावसाळ्यात आत बसलं तर कुबट वास. शिकलेले साहेब येऊन सांगून गेले होते, पाडा अन् स्लॅब टाका. गिरज्याच्या कमिटीतल्या पाच जणायचंही मन तिकडंच झुकलं होतं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, दर वर्षी डागडुजी कोण करन?

मिस्त्रीजी आधी फक्त कवेलू फेरायले आले होते. त्यायनं सिमेंटचा एक पोपडा काढला, विटेवर बोट फिरवलं अन् पास्टरसाहेबाले म्हणाले, "साहेब, ही भिंत चुन्याची आहे. हिले चुनाच पाहिजे. मले एक पाऊस द्या."

"म्हणजे काय, मिस्त्रीजी?"

"उन्हाळ्यात सारं सिमेंट काढतो, चुन्याचा गिलावा करतो. एक पाऊस जाऊ द्या. गिलावा टिकला तर गिरजा ठेवा. कुठंही फुटला तर पाडा. लोखंडी सबल घेऊन पाडायले पहिला मीच येतो."

कमिटीनं कबूल केलं. बोलणं साऱ्या गावासमोर झालं. त्या दिवसापासून गिरजा अन् मिस्त्रीजीचं नाव एकाच भिंतीवर टांगलं होतं, हे आम्हा साऱ्यायले माहीत होतं.

चुन्याचं काम म्हणजे लेकरू पाळण्यासारखं. टाक्यात कळीचा चुना महिनाभर भिजवायचा, रोज घोटायचा, चाळायचा. चाळणीवर जे कडक खडे राहतेत ते दूर खड्ड्यात फेकायचे. तो खडा भिंतीत गेला तर दोन-चार महिने गुपचूप बसते, हळूहळू पाणी पिते, फुगते अन् गिलावा फोडून बाहेर येते. मग विटेची भुकटी, बेलाच्या गराचं पाणी, अन् चुन्याच्या घाण्यात बैल फिरवून मळायचं. थापीवरून सायीसारखा घसरला म्हणजे झाला. हे सारं मिस्त्रीजीनं मले शिकवलं. पंधरा दिवसांनी त्यायनं टाकंच माझ्या हवाली केलं. पुरुष गवंडी कुरकुरले, "बाईमाणसाच्या भरवशावर टाकं?" मिस्त्रीजी म्हणाले, "तुमच्यातला कोणी रोज पहाटे येऊन घोटन तर सांगा." गवंडी आपापल्या थापीकडं वळले. मी मात्र बोलली, "मिस्त्रीजी, यायच्या बायका यायले घोटतेत, यायले वेळ कुठं!"

स्वभावाचं लिहा म्हणतेत गुरुजी. लिहिते. मिस्त्रीजी बोलायले कंजूस. चांगलं काम झालं तर फक्त "हं" म्हणतेत. दोन वेळा "हं" म्हटलं तर समजावं मोठा सत्कार झाला. बावीस हात उंच परांचीवर उघड्या पायानं चालतेत, पण पालीले भेतेत. एकदा कवेलू काढताना अंगावर पाल पडली, तर कोंढ्याचे नामी मिस्त्री बांबूवरून असे सरसर खाली आले का पास्टरसाहेबाले वाटलं गिरजाच पडून राहिला. मी विचारलं, "काय जी, दर्शन झालं का?" तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरून जवसाची चटणी आणली, म्हणजे राग गेला.

दुपारी सारे मिळून जेवत. मिस्त्रीजी छप्पन साली बौद्ध झालेल्या घरचे, मी महादेवाले पाणी घालणारी, अन् गिरजा येशूचा. ते पास्टरसाहेबाले "जयभीम" म्हणत, पास्टरसाहेब त्यायले "सलाम" म्हणत, काम कोणाचं अडलं नाही. मी त्यायच्या सुरईतलं पाणी पेली हे कोणीतरी माझ्या सासूले जाऊन सांगतलं. सासूनं विचारलं, "काय वं, कोणाचं पाणी पेली?" मी म्हटलं, "कोणाचं ते पाण्यानं नाही सांगतलं. थंड होतं एवढं समजलं." सासू बडबडली. मी दुसऱ्या दिवशीही पेली. मिस्त्रीजीले हे समजलं होतं. त्या दिवसापासून ते सुरई भरून माझ्या टाक्याजवळ ठेवायले लागले.

उन्हाळा सरता सरता गिलावा पुरा झाला. शेवटची पट्टी पश्चिमेच्या भिंतीची, दाराच्या बाजूची. मिस्त्रीजी सामान बांधून कोंढ्याले गेले. बाकीच्या बाया धानाच्या रोवण्याले लागल्या.

भरपूर पाऊस झाला त्या साली. तीन भिंती अशा कोरड्या का पास्टरसाहेब हात लावून लावून पाहत. पण पोळ्याच्या सुमारास पश्चिमेच्या त्या शेवटच्या पट्टीले फोड आले. मोठ्या सुपारीएवढे, मधात पांढरे ठिपके. दोन-चार ठिकाणी तर गिलावा खाली पडला.

कमिटीनं मिस्त्रीजीले बोलावलं. आम्ही रेजाही गेलो. मिस्त्रीजी आले ते सबल घेऊनच आले. खरंच सांगते, सबल खांद्यावर घेऊन ते गिरज्याच्या दारात उभे राहिले तेव्हा मी बायांच्या मागं सरकली.

त्यायनं एका फोडातून पांढरा खडा काढला. बोटानं दाबला. मग माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

कमिटीतले एक जण म्हणाले, "मिस्त्रीजी, हे काय झालं? चुना कोणाच्या हाती होता?"

"चुना माझ्या हाती होता," मिस्त्रीजी म्हणाले. "लावण्याआधी पाहणं माझं काम. त्या दिवशी मी पाहिलं नाही. चूक माझी आहे, चुन्याची नाही."

"मग बोलणं झालं तसं करा. पाडा."

मिस्त्रीजीनं दुपट्टा कमरेले बांधला.  पास्टरसाहेबाच्या डोळ्यात पाणी आलं, पण बोलणं खरंच तसं झालं होतं.

तेव्हा मार्थाबाई उठली. मिशनच्या दवाखान्यातली जुनी दाई, वय ऐंशीच्या घरातलं. कमिटीतल्या पाचातल्या तिघांचे जन्म तिच्याच हातचे. ती काठी टेकत टेकत तीन भिंतींजवळ फिरली, काठीनं ठोकून पाहिलं. मग चौथीकडं आली.

"काय रे, तुझ्या बोटाले गळू झालं होतं लहानपणी, आठवते?" तिनं कमिटीवाल्याले विचारलं.

"आठवते, आजी."

"मी काय केलं होतं? हात कापला होता का?"

"गळू फोडलं होतं."

"मग? तीन भिंती चांगल्या आहेत. या मिस्त्रीले गळू फोडू द्या. अन् तू रे मिस्त्री, सबल खाली ठेव. मोठा आला शब्द पाळणारा. माझी माती झाल्यावर मले कुठून नेतीन? तुमच्या स्लॅबखालून नाही जायचं मले."

कमिटीनं मान डोलावली. गिरजा वाचला.

मिस्त्रीजीनं ती पट्टी एकट्यानं खरवडली. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा आले, पट्टी केली, अन् तेवढ्यावर न थांबता दारं, कड्या, घंटेचा मनोरा, सारं दुरुस्त केलं. त्या दुसऱ्या सालच्या कामानंच मी पक्की चुन्याची बाई झाली. पुढं आठ-दहा गावी मिस्त्रीजी मले टाक्यासाठी बोलावत राहिले. बपेऱ्यापर्यंत गेली मी. माझ्या हातानं माझं पोट भरलं, पुढं या दोन खोल्या बांधल्या, अन् आज गुरुजी येऊन बसतेत अशी ओसरी आहे. हे सारं त्यायचं देणं आहे. "हं" शिवाय दुसरं काही न बोलता दिलेलं.

पण ती फुटलेली पट्टी मिस्त्रीजीले महागात पडली. एका गावच्या देवळाचं मोठं काम त्याच साली मिस्त्रीजीले मिळायचं होतं. "गिरज्याचा गिलावा फुटला म्हणे" एवढं ऐकून त्या लोकांनी दुसरा मिस्त्री पाहिला. मिस्त्रीजीनं माझ्यासमोर एकदाही ते नाव काढलं नाही. तो गिरजा आजही उभा आहे. मार्थाबाई त्याच दारातून गेली.

मिस्त्रीजी, तुम्ही शंभरी गाठा. नजर अशीच तेज राहो, गुडघे कुरकुरले तरी चालते राहोत, घरच्या लेकीसुना तुम्हाले वेळेवर गरम भात वाढोत. अन् तुमच्या हातच्या भिंती तुमच्यापेक्षाही जास्त जगोत. गुरुजी म्हणाले होते, शुभेच्छा झाल्या का थांबा. मले थांबता नाही येऊन राहिलं.

मिस्त्रीजी, तुम्ही समजले का बाईच्या चाळण्यात कसर राहिली, म्हणून तुम्ही मले पाठीशी घातलं. कसर नव्हती राहिली. शेवटच्या दिवशी तुम्ही पास्टरसाहेबासंग वर कवेलू पाहायले चढले, तेव्हा मी खड्ड्यातून फेकलेले खडे वेचून आणले, कुटले अन् चार घमेल्यात मिसळले. पोटासाठी नाही, दिराच्या घरी धान भरलेलं होतं. काम संपलं का दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा विधवा म्हणून कोपऱ्यात बसणार होती. कामावर मी कोणीतरी होती. थोडी भिंत फुटन, तुम्हाले परत बोलावतीन, टाकं पुन्हा भरन, एवढंच मले सुचलं. एवढ्याशा फोडापायी कोणी गिरजा पाडते का, असं वाटलं. तुमच्या नावाचं तर मनातही आलं नाही. तुम्ही सबल घेऊन उभे होते, तोंड उघडायचं होतं, तेही मी उघडलं नाही. भिंत मी फोडली, मिस्त्रीजी. मुद्दाम फोडली.