‘पराया’ म्हणजे परका नव्हे

भाषणाला अर्धा तास होता आणि तिसऱ्या ओळीवर माझं पेन अडलं. मी दुभाषी आहे. साहेब इंग्रजीत एक वाक्य बोलून थांबतात, मी ते मराठीत सांगते. कागद आधी मिळाला तर नशीब समजायचं.

सातपूरच्या एका कारखान्यातून पगारे नावाचे सिनियर फिटर रिटायर होत होते. एका प्रेसचं सेफ्टी गार्ड बदला, म्हणून ते सहा वर्षं कानीकपाळी ओरडत होते. ऐकणं राहिलं बाजूला, सगळ्यांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी ऑडिटमध्ये त्यांचंच खरं निघालं. परदेशी डायरेक्टर तीच कबुली देणार होते. ओळ होती, ‘मिस्टर पगारे वॉज अ पराया हिअर.’

‘‘पराया म्हणजे परकाच की,’’ एचआरचे कुलकर्णी म्हणाले. ‘‘हिंदी शब्द आहे मॅडम. द्या ठोकून.’’

अहो, कसला हिंदी! कागदावर इंग्रजी ‘pariah’ होतं, उच्चार तेवढा ‘पराया’. इंग्रजांनी हा शब्द तमिळ मुलखातून उचलला. तिकडे परै म्हणजे ढोल. तो वाजवणाऱ्या ज्या लोकांना गावाने अस्पृश्य ठरवलं, त्यांच्या जातीचं हे नाव. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, कुणालाच नको असलेला माणूस.

पगारे बौद्ध. पहिल्या रांगेत त्यांची बायको आणि मुलगी बसलेली. मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकवते. मराठीत मी सावरून घेतलं असतं, पण मूळ शब्द तिच्या कानावर पडणारच होता. बापाच्या सत्काराचा दिवस असा नासला असता.

मी तडक डायरेक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग ‘आउटकास्ट’ चालेल का, म्हणाले. त्यातही ‘कास्ट’ ऐकू येणारच! मी कपाळाला हात लावायची तेवढी राहिले.

‘‘सर,’’ मी विचारलं, ‘‘पगारे नकोसे कुणाला झाले होते?’’

 त्यांनी माझंच पेन मागून घेतलं.

स्टेजवर ते थांबले आणि मी मराठीत म्हटलं, ‘‘पगारे सांगत होते. आम्ही ऐकलं नाही. चूक आमची होती.’’

पगारेंनी चष्मा काढून पुसला. मुलीने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. हुश्श!

नकोशा माणसासाठी इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत. वाक्यात कर्ता घातला की त्यातला एकही लागत नाही.