काळा डबा, पांढरा डबा आणि सलीमभाई

चंद्रपूरच्या एका दुकानात मी दहा वर्षं टीव्ही विकते आहे. काउंटरमागे इतकी वर्षं उभं राहिलं की किस्से आपोआप साचतात आणि कुणी विचारलं नाही तरी ओठांवर येतात. बाकीचे मी हसत सांगते. गेमच्या काउंटरचे सांगताना मात्र डोकं तापतं, आधीच सांगून ठेवते.

टीव्हीला जोडून गेम खेळायचे दोन डबे आमच्याकडे होते. एका कंपनीचा काळा, दुसरीचा पांढरा. काळ्या कंपनीनं आपला डबा दाखवायला माणूस ठेवला होता, सलीमभाई. टी-शर्ट त्या कंपनीचा, पगारही तिचाच. पण सलीमभाई माझ्याकडचे दोन टीव्ही मागून घ्यायचे आणि दोन्ही डबे शेजारी शेजारी चालू ठेवायचे.

"लोकायले पाहू द्या ना बाई," ते म्हणायचे. "पाह्यल्याशिवाय कोन घेते?"

*

वरोऱ्याचे एक कापसाचे जिनिंगवाले काळा डबा घेऊन गेले. पंधरा दिवसांत त्यांचे साडू हजर, त्यांना पांढराच पाहिजे. मी म्हटलं, "तुमीही काळा घ्या ना, गेम अदलाबदल करता येईन."

"त्याच्या घरी जाऊन जाऊन हरून राह्यलो मी," ते म्हणाले. "आता त्याले माझ्या घरी येऊन हरू द्या."

पहिला डबा विकला गेला नसता तर हा माणूस आमच्या दुकानाची पायरीसुद्धा चढला नसता.

*

भामरागडचे दोन गुरुजी पावसाळ्याआधी सामान भरायला आले होते. तेल, डाळ, बॅटऱ्या आणि सोबत एक काळा, एक पांढरा. दोघं राहतात एकाच खोलीत, टीव्ही मात्र दोघांचे वेगळे. मी विचारलं, "मंग दोन काऊन?"

"बाई, पुरानं रस्ता बंद झाला की तिथी आमी दोघंच. एका डब्यावर दोघायनं नंबर लावला तर श्रावण लागाच्या आधी भांडन होते."

*

मग एसटीचे ते कंडक्टर. पोरासाठी काळा पक्का करून आले होते. सलीमभाईंनी पोराला कोणता गेम आवडतो ते विचारलं आणि हातातला डबा खाली ठेवला. "हा नका घेऊ. त्याचा गेम याच्यात चालतच नाई." अंगात काळ्या कंपनीचा टी-शर्ट आणि स्वतःच्या हातानं पांढरा पॅक करून दिला!

त्या कंडक्टरनं डेपोत सांगितलं. महिन्याभरात डेपोतले तिघं आले आणि त्यातल्या दोघांनी काळा नेला. पण काळ्या कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात पोचली ती फक्त पांढऱ्याची बातमी.

*

काळ्या कंपनीचे साहेब लॅपटॉप घेऊन आले. पांढऱ्याची विक्री वाढली आहे, म्हणजे तो आपला घास खातो आहे, हे त्यांचं गणित.

"पन साहेब, आपलाही वाढलाच ना?" सलीमभाईंनी विचारलं.

"तो नसता तर अजून वाढला असता."

"तो नसता तर अर्धे लोक इथी आलेच नसते."

साहेबांनी लॅपटॉप बंद केला. पांढरा डबा मिक्सरच्या मागच्या फळीवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सलीमभाईंना मोबाईलवर दोन ओळींचा मेसेज आला की उद्यापासून येऊ नका. सहा वर्षं काम केलं होतं त्या माणसानं. आमचे मालक 'कंपनीचा मामला आहे' म्हणून मान हलवत बसले. मला त्यांचा तेव्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात पांढऱ्या कंपनीचा फोन आला. काळ्यानं त्यांची विक्री खाल्ली अशी त्यांची तक्रार होती. खरं म्हणजे त्या आठवड्यात एकही डबा विकला गेला नव्हता, ना काळा, ना पांढरा. पुढचे दोन महिने तसेच गेले.

*

मग एका शनिवारी साहेब स्वतः काउंटरवर उभे राहिले. मूल गावाहून राइस मिलवाल्या एक बाई कॉलेजातल्या लेकीला घेऊन आल्या. साहेबांनी अर्धा तास काळ्याचे गुण सांगितले. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि माझ्याकडे वळल्या.

"ते सलीमभाऊ कुठी गेले? माझ्या भावाले त्याईनंच डबा देला होता."

"काढून टाकलं त्याईले," मी साहेबांसमोरच सांगितलं.

"मंग फोन लावा त्याईले."

मी लावला, आणि मुद्दाम स्पीकरवर ठेवला. सलीमभाई आता भावाच्या चपलांच्या दुकानात बसतात. त्यांनी लेकीला विचारलं, काय खेळतेस, कोणासोबत खेळतेस, घरी नेट कसं आहे. साहेब समोरच उभे होते. सगळं ऐकून सलीमभाई म्हणाले,

"तुले काळाच पाहिजे बेटा. बिनधास्त घे."

बाईंनी तो पॅक करायला सांगितला. साहेबांनी लेकीच्या हातात डबा देऊन फोटो काढला आणि माझ्यासमोरच कंपनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पांढरा हटवला, माणूस बदलला. चंद्रपुरात विक्री सुरू!'