सवच्या घरचा मसाला

महाडमध्ये माझा मसाला कुटायचा डंख आहे. उन्हाळा सुरू झाला की दारात डबे घेऊन बायकांची रांग लागते, यंत्राच्या लोखंडी मुसळांनी गल्ली दणाणते आणि पहिल्यांदा आलेली माणसं शिंकून बेजार होतात. मला शिंक येत नाही. कोणत्या घरी धने जास्त, दगडफुलाला कोण हात आखडता घेतं, कोण लवंगा करपवून आणतं, सगळं मला तोंडपाठ. एका घरचं प्रमाण दुसऱ्या घरी सांगायचं नाही, हा नियम मात्र मी पाळते. बढाई मारण्याला तसा काही नियम नाही.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या सव गावची एक सून रिकामा डबा घेऊन आली. तिची सासू माझं जुनं गिऱ्हाईक. ती त्याच्या तीन महिने आधी अचानक वारली होती. सून लग्नापासून मुंबईत, आता सासऱ्यांसाठी गावी येऊन राहिलेली. घरातला मसाला संपला होता आणि सासूने प्रमाण कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मावशी, बाबा जेवतच नाय. बाजारचं पाकीट फोडलं तर ताटच सारलं. नुसती पेज पितात. अंगावर मांस नाय राहिलं वो."

"एवढंच ना? मी आहे ना गो," मी म्हणाले.

मिरच्या मी निवडल्या, जिन्नस मी भाजले, कुटलेही मीच. रंग तोच, तिखटपणा तोच. आज बाबा बोटं चाटतील, असं मी तिला छातीठोक सांगितलं.

चौथ्या दिवशी ती पुन्हा दारात. "एक घास घेतला न म्हणाले, हा तिचा नाय."

माझा पारा चढला. इतकी वर्षं मी काय माती कुटत होते? म्हाताऱ्याच्या तोंडाचीच चव गेली असेल, असंही मनात आलं. बोलले नाही, ते बरं झालं. मग डब्यात नाक घातलं. खरंच काहीतरी कमी होतं.

काय ते कळलं उखळ झाडताना. एक घाणा उतरला की उखळाच्या तळाशी मूठभर मसाला चिकटून राहतो. तो मी ब्रशने काढते, नाहीतर पुढचीच्या मसाल्याला आधीचीचा वास लागतो आणि माझ्या दारात भांडणं होतात. पण सवची सासू मला ब्रश लावू द्यायची नाही. ती दर वर्षी इथल्या मोहल्ल्यातल्या एका बाईबरोबर ठरवून यायची. त्या बाईचा नवरा कुवेतला. तिच्या मसाल्यात चक्रीफूल, शहाजिरं, जायपत्री अगदी सढळ. तिचा घाणा उतरला की सासू माझा हात धरायची. "ऱ्हाऊ दे गो, कशाला दमतेस? घाल माझा तसाच."

मला वाटायचं, किती मायाळू बाई! मायाळू कसली, पक्की होती. एवढ्या मोठ्या नाकवालीला तिने वर्षानुवर्षं माझ्याच डंखावर गुंडाळलं होतं. राग यायला हवा होता, पण मला तिचं कौतुकच वाटलं.

मोहल्ल्यातल्या बाईला फोन केला. ती स्वतः बरणी घेऊन आली आणि मूठभर मागितला तर अर्धी बरणी ओतायला निघाली. मी मूठभरच घेतला, सवच्या मसाल्यात घालून पुन्हा डंख चालू केला. या वेळी सुनेला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "मावशी, बाबा जेवले. सुकटीचं कालवण दोनदा घेतलं."

बघ, म्हटलं होतं ना, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"आई गेल्यापास्नं त्यांनी डोळ्यांतनं टिपूस काढलं नव्हतं. आज हातात घास धरून रडले, न रडत रडत जेवतच राहिले."