उघाडीवाले तात्या

तात्या साहेबलोकांसाठी कधी उठून उभे राहिले नाहीत. मोठे साहेब आले, की बाकीचे वॉचमन ताडकन उठत, तात्या खाटेवरूनच म्हणत, "बोला." नव्वदच्या दशकात खाडीकाठच्या द्रोणागिरीला आमच्या कंपनीचं गोदाम उभं राहत होतं. मी नेरूळहून येणारी नवखी इंजिनिअर.

वॉचमन होण्याआधी तात्यांनी आयुष्यभर गावाची उघाडी सांभाळली होती. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली लाकडी झडप. ओहोटीला उघडून गावाचं पाणी सोडायचं, भरतीला पाडून खारं पाणी अडवायचं. त्यामुळे घड्याळाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मला म्हणत, "भरती उतरली का ये."

दिवसा दिवा जळलेला त्यांना खपत नसे. हात धुऊन माझ्या मागे लागून त्यांनी छपरात मधेमधे पारदर्शक पत्रे टाकून घेतले.

खरी जुंपली ती नाल्यावरून. उघाडीतून सुटलेलं पाणी त्याच नाल्याने खाडीला जाई. आमच्या माणसांनी मोजमाप घेतलं भर ओहोटीला आणि नकाशावर लिहिलं, 'कोरडा नाला'. खाली सही माझी. नाला बुजवून गोदाम वाढवायचं ठरलं. डंपर आले त्या सकाळी तात्यांनी खाट उचलली, नाल्यात नेऊन टाकली आणि वर बसले.

"तात्या, उठा हो. नोकरी जाईल."

"जाऊ दे. नाला बुजला तं गाव बुडंल पोरी. मी नाय उठनार."

साहेबांनी नकाशा नाचवला. तात्या म्हणाले, "कागदावं कोरडा हाय ना? मंग थांबा भरतीपरयंत."

दुपारी पाणी खाटेला लागलं, मग तात्यांच्या कमरेला. साहेबांचे बूट भिजले, तेव्हा डंपर परत गेले.

नाला वाचला, तात्यांची नोकरी गेली. नकाशावरचं 'कोरडा' मी खोडलं, पण त्यांच्यासाठी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढे कित्येक वर्षांनी त्याच गोदामाला हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळायची वेळ आली. तपासणीवाल्यांना सगळ्यात आवडला तो आतला उजेड आणि मोकळा नाला. फॉर्मवर 'सल्लागार' या रकान्यात मी तात्यांचं नाव लिहिलं. हुद्दा: उघाडीवाले. तात्या तोवर गेले होते.

मॅनेजर वैतागले. "मॅडम, वॉचमनचं नाव? खोडा ते. नाहीतर उठा, मोठ्या साहेबांकडे चला."

मी खुर्ची पुढे ओढून घेतली.

"त्यांनाच इथे बोलवा. मी नाही उठणार."