आठ वाजताचे मास्तर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात बिरुदेव जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. चोवीस माग एकदम खडखडत असताना हा माणूस दारात चप्पल काढता काढता सांगतो, "सतराचा धोटा घासायलाय, बगा." आणि सतराचाच निघतो. बैलबाजारात बैलाचे दात दाखवावेत तसे मालक बाहेरच्या पाहुण्यांना त्याचे कान दाखवतो. असल्या कानाच्या माणसाला सहा आठवडे एक खरखर सापडली नाही.

खरखर त्याच्या रेडिओतली. बिरुदेवला बिनतारी संदेशाचा नाद आहे. सरकारी परीक्षा देऊन रीतसर लायसन घेतलेला गडी. घर दोन खोल्यांचं, वर पत्र्याचा जिना आणि गच्ची. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या बांबूपर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणलेली. तीच त्याची एरियल. खाली बायकोच्या शिलाई मशीनशेजारी एक फळी. फळीवर स्वतः झाळून जोडलेला डब्याएवढा सेट, खाली मोटारीची जुनी बॅटरी, आणि पितळेची एक कळ. कळ दाबली की टिंब, जरा दाबून धरली की रेघ. टिंब-रेघांनीच बोलायचं.

ती कळ वीरभद्रप्पा मास्तरांची. मास्तर तार ऑफिसातनं रिटायर होऊन याच गल्लीत भाड्यानं राहायचे. एकदा त्यांचा पंखा नीट करायला बिरुदेव गेला आणि नुसत्या आवाजावरनं म्हणाला, "बेअरिंग खालचं गेलंय." मास्तर म्हणाले, "तुला कान हाय की रे! चल, बस हितं." अंगणातल्या फरशीवर चमच्यानं ठोकून त्यांनी त्याला वर्षभरात टिंब-रेघ शिकवली. मग मुलगी दानेश्वरी त्यांना हुबळीला घेऊन गेली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठला मास्तर हुबळीतनं हाक देणार, बिरुदेव सोलापुरातनं ओ देणार, असा नेम सहा वर्षं चालला होता.

"फोन हाय की खिशात," बायको केराबाई म्हणायची. "सव्वा लाखाचं काम आसल्यागत काय टुकटुक करता?"

पण मास्तरांना फोन चालत नव्हता. वय एक्याऐंशी. माणसाचं बोलणं त्यांना आता नुसतं चिवचिव ऐकू यायचं; कानातलं मशीन शिट्ट्या मारायचं. डोळ्यांत काचबिंदू, म्हणजे मेसेज वाचणंही गेलं. टिंब-रेघेचा जाडा सूर तेवढा त्यांच्या कानात शिरायचा. सगळ्या जगात मास्तरांशी मधे कुणी दुभाषा न घेता बोलू शकणारा एकच माणूस उरला होता, आणि तो अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग दुरुस्त करत होता.

आणि अशात ही खरखर आली. सेट लावला की चोवीस माग रिकामे फिरवल्यागत आवाज. त्याखाली मास्तर कुठंतरी दबलेले, पोत्याखाली कोंबडीचं पिल्लू दबावं तसे. एक रविवार गेला, दुसरा गेला. लाइट गेली की मात्र सगळं कसं धुतल्यागत स्वच्छ. लाइट गेल्यावर अख्ख्या गल्लीत एकटा बिरुदेव खूश व्हायचा. पण रविवारी आठला लाइट कधी जायची नाही. चटणी वाटताना जाईल, पाणी भरताना जाईल, आठला टिच्चून असायची.

लाइट गेली की खरखर जाते, म्हणजे चोर गल्लीतला, असं त्यानं ठरवलं. कामावरनं आला की हातात खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन, दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागेवर काटा ठेवून, दारोदार फिरायला लागला. जिथं खरखर वाढेल तिथं चोर. पण आजकाल कुठं वाढत नाही? प्रत्येक बल्बापाशी वाढायची, प्रत्येक चार्जरपाशी वाढायची. शेजारी म्हणायचे, "जॉबर, कुणाचं भूत हुडकताय?"

पहिला धरला गुंडा चहावाला. त्याच्या टपरीवर लाल-निळी पळती पाटी होती.

"गुंडा, ती पाटी बंद कर की."

"मामा, पाटी बंद केल्यावर गिऱ्हाइकाला कसं कळणार हितं चहा हाय?"

"तुझा चहा वासावरनं कळतोय."

"वास दुधाचा येतोय का पाटीचा?" गुंडा हसला, पण रविवारी सकाळी पाटी बंद ठेवायला तयार झाला. खरखर तशीच.

दुसरी चंद्रव्वा. भिंतीला भिंत लावून राहणारी. तिच्या इन्व्हर्टरपाशी ट्रान्झिस्टर असा किंचाळला की बिरुदेवनं तिथंच सुनावलं, "अव्वा, तुमच्या डब्यानं माजं वाटोळं केलं."

"येन री बिरुअण्णा!" चंद्रव्वानं कानडी हेल काढत पदर खोचला. "माजा डबा दोन वरसं झाली इथं हाय. तुमचं वाटोळं आत्ता व्हायलंय?"

प्रश्न बरोबर होता. बिरुदेवनं तो ऐकलाच नाही. चंद्रव्वाचं आणि त्याचं तसंही जमत नव्हतं. तिला वाटायचं, गच्चीवर ताणलेली तार म्हणजे देवानं दिलेली वाळत घालायची दोरी. घरोघर टॉवेल शिवायला येतात त्या गल्लीत रिकामी तार कोण सोडेल? डझनभर ओले टॉवेल एरियलवर टाकून ती निवांत. तार झोळीसारखी लोंबायची, सेट तापायचा, बिरुदेव बोंबलत वर जायचा. या भांडणात इन्व्हर्टरची भर पडली. तिनं रविवारी सकाळी तासभर इन्व्हर्टर बंद ठेवला खरा, पण बोलणं सोडलं.

त्यानंतर तो केबलवाल्याशी भांडला, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी भांडला, वायरमनला खांबावर चढवून फ्यूज घासायला लावले. रविवार पाच झाले. दर वेळी आठ ते आठ वीस तो कान दाबून बसायचा. तेवढा वेळ हाक देऊन मास्तर बंद करायचे, हे त्याला माहीत होतं.

सहाव्या आठवड्यात शुक्रवारी दानेश्वरीचा फोन आला.

"बिरुअण्णा, ह्यांची बदली झाली. बेंगळूरला नववा मजला हाय. सोसायटीवाले वायर बांधू देत न्हाईत. रविवारी साडेआठला माणसं येऊन गच्चीवरची वायर काढणार. अप्पा सारखं विचारायलेत, बिरू का ओ देईना? रागावलाय का?"

"रागवीन कशापायी, ताई? हितं खरखर हाय."

"मी सांगितलं त्यांना, पाटीवर मोठ्ठं लिहून दाखवलं. त्यांना दिसलं न्हाई."

रविवार उजाडला. गुंडाची पाटी बंद. चंद्रव्वाचा इन्व्हर्टर बंद. गिरणी बंद. बिरुदेवनं बॅटरी तपासली, काठोकाठ भरलेली. बॅटरी कायम भरलेली पाहिजे हा त्याचा नेमच. जुना जड ट्रान्सफॉर्मरचा चार्जर जळाल्यापासून नवी पेठेतनं आणलेला तळहाताएवढा नवा चार्जर फळीखाली रात्रंदिवस लावलेला असायचा. आठला त्यानं सेट चालू केला.

खरखर.

आठ पाच. आठ दहा. खरखरीखाली काहीतरी टुकटुकत होतं. चाल ओळखीची, मास्तर रेघ जरा लांबवतात, तंबाखू चघळत बोलल्यासारखी. पण अक्षर एक लागेना. बिरुदेवनं कळीवर ओ दिली, तर पलीकडची टुकटुक तशीच चालू. मास्तर ठोकत असताना दिलेली ओ त्यांना ऐकू जात नाही, आणि ते थांबतात कधी हे त्या खरखरीत कळेना.

"मशीन बंद कर!" तो केराबाईवर ओरडला.

"बंदच हाय की! हात बगा माजे, सुई ओवायलेय."

"मग पंखा!"

"पंखा कवाचा बंद केलाय तुमी."

"तरी कशाचं वाजायलंय मग? कोण लागलंय माज्या मुळावर?"

केराबाईनं हातातला टॉवेल आपटला. सहा रविवार तिनं शिलाई सोडून हा तमाशा बघितला होता. शेजारीण बोलत नव्हती, चहावाला तोंड फिरवत होता. ती उठली, दारामागच्या मेन स्विचपाशी गेली आणि खटकन खाली ओढला. "घ्या! समदंच बंद. आता तरी घसा फोडू नका."

खरखर गेली.

बिरुदेवला आधी वाटलं, गल्लीचीच लाइट गेली. पण चंद्रव्वाच्या खिडकीतनं टीव्हीवरचं भजन ऐकू येत होतं. समोरच्या घरातली ट्यूब जळत होती. लाइट गल्लीत होती. नव्हती ती फक्त त्याच्या घरात. त्यानं मान खाली घातली. फळीखाली तळहाताएवढा चार्जर. त्याचा हिरवा दिवा आत्ताच विझला होता. आणला कधी? बरोबर सहा आठवडे झाले.

पण रडायला वेळ नव्हता. आठ सतरा झाले होते, आणि सेटातनं मास्तर स्वच्छ, फरशीवर चमचा वाजवल्यागत, त्याचं नाव ठोकत होते. बिरू. बिरू. बिरू. आहेस का.

मास्तर थांबताच त्यानं कळ धरली. आहे.

मग रेघा आल्या, नेहमीपेक्षा लांब. कुठं होतास. सहा रविवार.

खोटं सांगता आलं असतं. गल्ली होती, गिरणी होती, खांब होता. बिरुदेवनं ठोकलं: खरखर होती. घरचीच. माझा चार्जर.

मास्तर हसले. तारेवरचं हसणं म्हणजे चार टिंबं, दोन टिंबं, पुन्हा चार, पुन्हा दोन. ते बराच वेळ हसले. मग ठोकलं: पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं.

पहिला आपला मेन ओढून बघायचा, बिरुदेवनं कबूल केलं.

मास्तरांनी विचारलं, केराबाई कशी आहे. त्यानं सांगितलं, मेन तिनंच ओढला. पुन्हा चार टिंबं, दोन टिंबं. मास्तर म्हणाले, नवव्या मजल्यावर वारा चांगला असेल. म्हणाले, कळ तेल लावून ठेव. म्हणाले, माणसं आली, जिन्यात पाय हलायला लागलेत. मग त्र्याहत्तरचा आकडा पाठवला. निरोप घेताना तो पाठवायची रीत आहे. बिरुदेवनंही पाठवला. शेवटी दोघांनी एकेक सुटं टिंब ठोकायचं असतं. मास्तरांचं आलं. बिरुदेवचं गेलं की नाही कळलं नाही, कारण तेवढ्यात पलीकडचा सूर कापल्यासारखा थांबला.

सेट चालूच राहिला. सहा रविवारांत इतका स्वच्छ कधी नव्हता, आणि त्यात कुणीच नव्हतं.

"झालं बोलणं?" केराबाईनं विचारलं.

"झालं. सहा रविवारचं अकरा मिंटात."

"मग मेन लावू का? दोन डझन राहिल्यात माजे."

त्यानं वाकून चार्जरची पिन उपटली आणि चार्जर तसाच हातात धरून बसला. भिंतीपलीकडनं चंद्रव्वानं हाक दिली. भांडण झाल्यापासनं पहिल्यांदाच.

"अण्णा, तास झाला री. आता तरी लावू का माजा डबा?"

बिरुदेवनं चार्जर फळीवर ठेवला. गुंडाला सांगायचं होतं, गिरणीवाल्याला सांगायचं होतं, वायरमनला उगाच खांबावर चढवलं होतं. पण आधी ही भिंत.

"लावा, अव्वा," तो म्हणाला. "आन् ऐका. डबा तुमचा न्हवता."

पलीकडे भजन बारीक झालं.

"मग कुणाचा हुता?"