जम्बोमास्तरांची दुसरी नजर

मोहाडीच्या बाजारात जम्बोमास्तर सायकलचे ब्रेक दुरुस्त करत, पण स्वतः दुरुस्त केलेला ब्रेक स्वतः कधीच पास करत नसत. शेजारच्या चपलावाल्याला हाक मारत, "दाजी, दाबून पाहा बरं." दाजींनी मान हलवल्याशिवाय गिऱ्हाइकाला सायकल मिळत नसे. ही मुंबईला जम्बो विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यातली सवय. म्हणत, "ज्यानं सुकाणूची तार जोडली, त्यानं ते तपासाची नाही. आपली चूक आपल्याले दिसत नाही."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते शाळेतच पोरांचा एक तास घेत. सामान एवढंच: ब्रेकची तार, पत्र्याची झडप, एक स्प्रिंग. वैमानिक चाक फिरवतो, तार ओढली जाते. पण पंखाची अवजड झडप उचलतो तो तेलाचा दाब. तेलाच्या लाइनी चार, एक फुटली तर उरलेल्या सांभाळतात. मग स्प्रिंग पोरांच्या हातात देत. "सारा जोर तेल लावते, म्हून चाक बोटानंही फिरंल. मंग हवेचा जोर मानसाले समजंल कसा? म्हून हे स्प्रिंग लावून चाक मुद्दाम जड करतेत. हात हलका झाला का मानूस भलतंच करून बसते."

मी तेव्हा बावीस वर्षांचा, पाटाच्या पाण्याच्या आंदोलनाची पत्रकं लिहिणारा. मला संताप आला. पाटाला पाणी नाही आणि पोरांना जम्बो जेट? मी छापलं: 'कंपनीने हाकललेला माणूस गरिबांच्या पोरांना आकाश दाखवतो.' हाकलल्याचं टपरीवर ऐकलं होतं. वाक्य जोरदार होतं, म्हणून कुणाला विचारलं नाही. हेडमास्तर घाबरले, तास बंद झाला.

मास्तर पत्रक घेऊन माझ्याकडे आले. "बापू, छापाच्या आधी हे दुसऱ्या कोनाले दाखवलं होतं का?"

"नाही."

"मले कोनी हाकललं नाही. न तपासलेल्या तारेवर सही कर म्हनत होते. मीच नोकरी सोडली."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढे ते लेकीकडे कोंढ्याला राहायला गेले. माफीचं पत्रक छापून मी तिथं पोचलो. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं. "हे मले कायले देतेस? पोराईचा तास सुरू करून दे."

मी हो म्हणालो. शाळेच्या दारात एक दिवस बसलो असतो तर काम झालं असतं. कलेक्टर कचेरीपुढे मी आठ-आठ दिवस बसलो आहे. पण पाटाचं आंदोलन रंगात आलं होतं, माझं नाव होत होतं. मास्तर वारल्याचा निरोप आला, त्या शनिवारीही शाळा सुटल्यावर पोरं सरळ घरी गेली.